हात हलके, नजर बाहेर

मेहकरच्या त्या घरात पुढच्या खोलीच्या दारामागे एक पुठ्ठा टांगलेला होता. कूलरच्या खोक्याची एक बाजू कापून सुधाकररावांनी तो तयार केला होता. काळ्या स्केचपेनने त्यावर लहान विमानाचे सगळे काटे, पडदे आणि खटके काढलेले होते. स्टीअरिंग म्हणून जुन्या टोपलीचं वेताचं अर्धं कडं शिवलं होतं, आणि त्या कड्याच्या डाव्या टोकाला औषधाच्या बाटलीचं लाल टोपण चिकटवलं होतं. ते टोपण म्हणजे विमान आपोआप चालवणारं यंत्र, ऑटोपायलट, बंद करायचं बटण. मार्चमध्ये सुधाकरराव गेले तेव्हापासून त्यांच्या पत्नी शारदाबाई रोज सकाळी त्या पुठ्ठ्यावरची धूळ झटकायच्या आणि दार पुन्हा भिंतीकडे लोटून तो झाकून टाकायच्या. काढून माळ्यावर ठेवू का, असं त्यांच्या मुलीने, नीरजाने, एकदा विचारलं होतं. राहू दे, त्याची काय अडचण होते, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला होता.

नीरजा बुलढाण्याला कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची. मेच्या सुट्टीत ती आईजवळ राहायला आली होती. दुःखाबद्दल जगात पुष्कळ चांगलं लिहिलं गेलं आहे हे तिला ठाऊक होतं, आणि त्यातलं बरंचसं तिने वाचलेलंही होतं. दोन महिन्यांत त्यातलं एक वाक्यसुद्धा कामी आलं नव्हतं.

हिंमतराव आले ते सकाळी नऊच्या सुमाराला. जानेफळहून मेहकरला भाजी घालून परतताना ते पूर्वी दर रविवारी यायचे, तसेच. हातात वांगी आणि हिरव्या मिरच्यांची पिशवी होती. ती त्यांनी नेहमीच्या जागी, उंबऱ्याच्या आत डाव्या बाजूला ठेवली. मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि दारामागच्या पुठ्ठ्याकडे त्यांची नजर गेली. पुठ्ठ्याचा कोपरा दाराच्या बाहेर डोकावत होता.

"डोळे मिटून बोट ठेवे अपेक्षा त्या टोपनावर," ते म्हणाले. "सर झोपेतून उठवून इचारे, तरी."

अपेक्षा ही हिंमतरावांची एकुलती एक मुलगी. बारावीला गणितात तिला चांगले गुण होते आणि डोक्यात विमान होतं. त्या भागात विमानाबद्दल विचारावं असा एकच माणूस होता. सुधाकररावांनी एकतीस वर्षं निरनिराळ्या ठिकाणी लहान, एका इंजिनाच्या विमानांवर शिकवण्याचं काम केलं होतं. निवृत्त होऊन ते मेहकरला आले तेव्हा गावातली माणसं चेष्टेत म्हणायची, सर, तुमचं विमान म्हंजे फटफटीले पंख. त्यावर ते म्हणायचे, हो, आणि म्हणूनच शिकावं लागतं. मोठ्या विमानात दोन शहाणे शेजारी शेजारी बसलेले असतात, फटफटीवर माणूस एकटाच असतो.

अपेक्षाला त्यांनी दीड वर्ष दर रविवारी जेवणाच्या टेबलावर शिकवलं. इंग्रजी पुस्तकं तिला जड जायची, म्हणून एका दोनशे पानी वहीत ते स्वतः मराठीत लिहून द्यायचे. ती वही घेऊन अपेक्षा जिल्ह्याबाहेरच्या एका प्रशिक्षण संस्थेत गेली. तिथून मागच्या वर्षी मे महिन्यात ती एकटीने लांबच्या फेरीवर निघाली असताना तिचं विमान जानेफळपासून तीन किलोमीटरवर, नांगरून ठेवलेल्या रानात पडलं. ती एकवीस वर्षांची होती.

हिंमतरावांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन गोष्टी काढून टेबलावर ठेवल्या. एक ती वही. दुसरा अपघाताच्या चौकशीचा अहवाल, अडतीस पानं, सगळा इंग्रजीत. तो त्यांना जानेवारीतच मिळाला होता. सर वाचतील आणि सांगतील म्हणून ते थांबले होते. सरांकडेही त्याची प्रत आली होती, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेली.

"सर दोनदा येऊन गेले घरी," हिंमतराव म्हणाले. "बसले, चहा घेतला. वाटे आता बोलन, मंग बोलन. काही नाही बोलले. मी बी नाही इचारलं. दुसऱ्या खेपेले तं चप्पल घालून पुन्हा आत आले अन् पानी मांगितलं. पानी पेले अन् गेले."

त्यांचं म्हणणं दोन गोष्टींचं होतं. चौदा तारखेला अपेक्षाचं पहिलं पुण्यस्मरण होतं. त्या दिवशी तिची वही छापून मुलींच्या शाळेत वाटायची असं त्यांनी ठरवलं होतं. छपाईवाल्याने अक्षरं जुळवून दिली होती; ती नीरजाने नजरेखालून घालावी. एक पान मात्र अर्धं कोरं होतं, आणि तिथे कमळाचं फूल टाकू का, असं तो विचारत होता.

दुसरी गोष्ट सांगायला त्यांना वेळ लागला. अपघाताच्या दिवशी अपेक्षाने आईला, अन्नपूर्णाबाईंना, सकाळीच फोन करून सांगितलं होतं की दुपारी गावावरून जाते, गच्चीवर उभी राहा आणि लाल लुगडं पसरव, म्हणजे घर ओळखू येईल. अन्नपूर्णाबाई बारा वाजल्यापासून गच्चीवर होत्या. विमान आलं. त्यांनी लुगडं हलवलं. विमान घराच्या बाजूला वळलं, मग त्याचं नाक वर झालं, आणि एक पंख खाली कलला. अन्नपूर्णाबाईंना वाटलं, पोरगी खेळून राह्यली, आपल्याला रामराम करून राह्यली. त्यांनी लुगडं आणखी जोरात हलवलं.

"तवापासून गच्चीवर नाही चढली ते," हिंमतराव म्हणाले. "बोलतच नाही तं काय. म्हनते, माह्या लुगड्यानं खाली पाह्यलं तिनं. माह्या लुगड्यानं पाडलं. वर्षभर मी सांगून राह्यलो तसं नसते, पन मले काय समजते इमानातलं? तुम्ही वाचा ताई. इंग्रजीतलं हाय, सरकारचं हाय. त्यात लुगड्याचं नसन. तेवढं तिले येऊन सांगा."

नीरजाने हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुपारभर तिने अहवाल वाचला. इंग्रजी अवघड नव्हतं, त्यातली गोष्ट अवघड होती, आणि ती तिने शब्दकोश घेऊन, दोनदा, तीनदा वाचून समजून घेतली. विमान जमिनीपासून दोन हजार फुटांवर होतं. खाली त्रेचाळीस अंश तापमान होतं. नियंत्रण कक्षाकडून आणखी वर चढा अशी सूचना मिळाल्यावर अपेक्षाने ऑटोपायलटला हुकूम दिला: मिनिटाला सातशे फूट चढ. मग विमानाची दिशा जानेफळकडे दहा अंशांनी वळवली. इतक्या उन्हात, भरल्या टाकीने, त्या इंजिनाला मिनिटाला चारशे फूट चढणंसुद्धा कठीण होतं. पण यंत्राला सातशे सांगितले होते. सातशे पुरे करायला ते नाक उचलत राहिलं, आणि नाक वर जाईल तसा वेग उतरत गेला. दोन मिनिटं आणि दहा सेकंद हे चाललं होतं. वेग फार उतरल्याचा भोंगा अकरा सेकंद वाजला. मग पंखांना मिळणारा हवेचा आधार सुटला आणि विमान गिरक्या घेत खाली आलं. जमिनीपासून नऊशे फुटांवर लाल बटण दाबल्याची नोंद होती. नऊशे फूट पुरे पडले नाहीत.

निष्कर्ष दोन ओळींचा होता. वैमानिकाने ऑटोपायलटचा अयोग्य वापर केला. चढताना वेगाकडे लक्ष ठेवले नाही.

नीरजाने वही उघडली. वडिलांचं अक्षर इतक्या सलग तिने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. वर निमुळतं होत जाणारं, काना थोडा डावीकडे झुकलेला. ऑटोपायलटचा धडा डिसेंबरमध्ये सुरू झालेला होता. उडण्याआधी जमिनीवरच तो चालू करून स्टीअरिंग हाताने ढकलून बघायचं, आपलं बळ त्याच्यावर चालतं ना याची खात्री करायची. तो चालू असताना त्याच्याशी झुंजायचं नाही, आधी बंद करायचा. बंद करायच्या पाच वाटा होत्या, आणि पाचही डोळे मिटून सापडल्या पाहिजेत. समासात अपेक्षाने निळ्या शाईने आपलं लिहून ठेवलं होतं. आईने स्थळांचं काढलं की ती म्हणायची म्हणे, सांगितलं ते करते अन् उलटून बोलत नाही, असा जावई माह्या इमानात हाय, तुमी काऊन शोधता? वहीत ऑटोपायलटचं नाव तिने जावईच ठेवलं होतं.

सतराव्या पानावर सुधाकररावांनी लिहिलं होतं: "चढताना. हवी ती उंची लावून घे. चढ मिनिटाला सातशे फूट. ऑटोपायलट चालू. हात हलके, नजर बाहेर."

समासात निळ्या शाईत: जावई कामाले लागला.

त्याच्या खाली, ठळक अक्षरात, मथळा होता: "उन्हाळ्यात." आणि मथळ्याखाली अर्धं पान कोरं.

नीरजा त्या कोऱ्या अर्ध्या पानाकडे बराच वेळ पाहत राहिली. ते रिकामं कसं राहिलं असेल हे ओळखायला तिला विमानातलं काही कळण्याची गरज नव्हती. वडील धडे ऋतूप्रमाणे लिहायचे. पावसाचं पावसात, धुक्याचं थंडीत. अंगावर येतं तेव्हा डोक्यात जातं, असं ते म्हणायचे. डिसेंबरात उन्हाळ्याचा मथळा टाकून त्यांनी जागा सोडली होती, आणि फेब्रुवारीत अपेक्षाला संस्थेत प्रवेश मिळाला होता. पुढे तिथल्या शिक्षकांनी सांगितलं असेल किंवा नसेल. इंग्रजी पुस्तकात ते होतंच. पण ती मराठी वहीतून शिकली होती, आणि वहीने तिला जे सांगितलं होतं ते तिने अक्षर न अक्षर केलं होतं. मिनिटाला सातशे फूट. हात हलके. नजर बाहेर.

वडिलांची प्रत तिला त्यांच्या कपाटात सापडली, स्वेटरच्या खाली. पानापानावर पेन्सिलच्या रेघा होत्या. शेवटच्या पानात वहीच्याच आकाराचा एक कागद घडी करून ठेवला होता. वर मथळा होता, "उन्हाळ्यात." तारीख एकवीस जानेवारीची.

"ऑटोपायलटवर चढताना 'मिनिटाला इतके फूट' हा हुकूम उन्हाळ्यात देऊ नये. 'इतका वेग राख' हा हुकूम द्यावा. मग जेवढा दम असेल तेवढेच ते चढेल. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाचा दम कमी होतो, आणि यंत्राला ते कळत नाही. ते नाक उचलतच राहते. म्हणून चढताना नजर आधी वेगाच्या पट्टीवर, मग बाहेर, पुन्हा पट्टीवर. बाहेर काहीही असो. वेग पासष्टच्या खाली येताना दिसला की लाल बटण, नाक खाली, बाकी सगळे नंतर. हे मी आधी लिहायला हवे होते."

शेवटचं वाक्य दुसऱ्या पेनाने लिहिलेलं होतं. कदाचित दुसऱ्या दिवशी.

नऊ मार्चला सकाळी अंघोळीला जाताना ते पडले आणि उठले नाहीत. एकवीस जानेवारीपासून नऊ मार्चपर्यंत सत्तेचाळीस दिवस होतात. नीरजाने ते बोटांवर मोजले आणि मग मोजल्याची तिलाच लाज वाटली. त्या दिवसांत ती तीनदा घरी येऊन गेली होती. वडील कमी बोलतात हे तिच्या लक्षात आलं होतं. थंडीमुळे असेल असं तिने धरलं होतं.

कागद तिने आईला दाखवला. शारदाबाई चष्मा लावून वाचत राहिल्या, आणि वाचून झाल्यावर त्यांना नवीन काही कळल्यासारखं दिसलं नाही. ते रात्रंदिवस आकडेमोड करत बसायचे, एवढंच त्या म्हणाल्या. तापमान टाकायचे, वजन टाकायचे, पुन्हा खोडायचे. सातशेच्या जागी पाचशे लिहिलं असतं तर पोरगी वाचली असती का, हे विचारायचे. त्यांना कोण सांगणार. मग त्यांनी कागदाची घडी होती तशी केली आणि तो नीरजाकडे परत न देता आपल्या मांडीवर ठेवला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस गेला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून गेलेलं एकही मूल पडलं नाही, हे लोक त्यांच्या तेराव्यालाही बोलत होते. आता तेवढंच उरलं आहे. छापखान्याला त्या जागी फूल टाकू दे.

नीरजा म्हणाली की जानेफळात एक बाई वर्षभर स्वतःला मारेकरी समजून बसली आहे, आणि तिची सुटका या कागदात आहे. लुगड्याने काही झालेलं नाही, हुकूमच चुकीचा होता आणि तो वहीतून आला होता, एवढं तिला कळलं तर ती गच्चीवर जाईल.

"तुला तिला सोडवायचंय की स्वतः मोकळं व्हायचंय?" शारदाबाईंनी विचारलं.

आईने कागद तिच्या हातात दिला आणि त्या वांगी चिरायला आत गेल्या.

चौदा तारखेला ती एसटीने जानेफळला गेली. ऊन तेवढंच होतं जेवढं मागच्या वर्षी असेल. गावात शिरताना गच्च्यागच्च्यांवर कुरड्या आणि पापड वाळत होते, जुनी धोतरं-लुगडी अंथरून, कडेला दगड ठेवून. हिंमतरावांची गच्ची तेवढी मोकळी होती.

कार्यक्रम आटोपशीर होता. पंचवीस-तीस माणसं, हार घातलेला फोटो, फोटोपुढे नीरजाने परत आणलेली वही. कोऱ्या पानाचं ठरलं नव्हतं म्हणून छपाई थांबलेली होती. फोटोत अपेक्षा विमानाच्या पंखाला टेकून उभी होती आणि उन्हाने डोळे बारीक केले होते. सुधाकररावांचं नाव दोनदा निघालं, दोन्ही वेळा आदराने. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या की असे गुरू आता होणे नाहीत. जेवणं झाली, माणसं पांगली, आणि हिंमतराव नीरजाला मागच्या खोलीत घेऊन गेले. अन्नपूर्णाबाई तिथे भिंतीला टेकून बसलेल्या होत्या. नीरजाने त्यांना पूर्वी दोनतीनदा पाहिलं होतं. मोठ्याने हसणारी, नवऱ्याची चारचौघांत फिरकी घेणारी बाई. एकदा ती सुधाकररावांना म्हणाली होती, सर, तुमी पोरीले हवेत नेता ते ठीक हाय, पन हिच्या बापाले जमिनीवर चालाले शिकवा एखांद्या रविवारी. ती बाई या बाईत कुठे दिसत नव्हती.

नीरजाने तयारी केली होती, वर्गावर जाण्याआधी करायची तशी. तिने अहवाल बाजूला ठेवला आणि आपल्या शब्दांत सांगितलं. भोंग्याचं तिने गाळलं. यंत्राला मिनिटाला सातशे फूट चढायचा हुकूम दिलेला होता, उन्हामुळे इंजिनात तेवढा दम नव्हता, तरी यंत्र नाक उचलत राहिलं.

"म्हंजे बैलाले दम नाही," हिंमतराव हळूच म्हणाले, "अन् वरचा हाकलूनच राह्यला."

हो, नीरजा म्हणाली, तसंच. मग तिने फोटोपुढून आणलेल्या वहीचं सतरावं पान उघडलं आणि वडिलांची ओळ वाचून दाखवली. हा हुकूम अपेक्षाच्या मनाचा नव्हता. तो इथे लिहिलेला होता, माझ्या बाबांनी लिहिलेला. उन्हाळ्यात तो बदलतो हे त्यांना माहीत होतं, त्यांनी जागाही सोडली होती, पण ते लिहायचं राहून गेलं. ती चुकली नाही. तुमच्या लुगड्याचा तर यात काही संबंधच नाही. चूक आमच्या घरातली आहे, काकू. हे सांगायला बाबा दोनदा आले होते.

एवढं बोलून तिने पर्समधला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं तिला वाटलं. हिंमतरावांनी उठून जा म्हटलं तरी चालेल, गावभर झालं तरी चालेल.

हिंमतरावांनी एकदा फोटोच्या खोलीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कागद अन्नपूर्णाबाईंनी घेतला. त्यांना वाचता येत होतं, चौथीपर्यंत शाळा झाली होती. त्या बोट फिरवत, ओठ हलवत वाचू लागल्या. बोट हळूहळू सरकत गेलं आणि मध्येच थांबलं. मग तीच ओळ त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी ऐकू येईल अशी.

"नजर आधी वेगाच्या पट्टीवर, मग बाहेर. बाहेर काहीही असो."

त्यांनी वर पाहिलं.

"म्हंजे तिची नजर आत असती," त्या म्हणाल्या, "तं तिले दिसलं असतं?"

तो कागद नीरजाने गेल्या दहा दिवसांत किती वेळा वाचला होता याला गणती नव्हती. दर वेळी तिला त्यात एकच माणूस दिसला होता. ओळ तीच होती. आपण कुणाचा गुन्हा शोधतो आहोत तेवढाच आपल्याला दिसतो, हे तिच्यासारख्या वाचणाऱ्या बाईला कळायला हवं होतं.

"हुकूमच चुकीचा होता, काकू," ती म्हणाली.

"थे समजलं मले. हुकूम चुकला होता. पन तिनं वेगाकडे पाह्यलं असतं, तं टोपन दाबलं असतं न? वेळेवर?"

टोपण. त्यांनाही ते माहीत होतं.

खोटं बोलणं सोपं होतं आणि नीरजाने ते तोंडापर्यंत आणलंही. पण अन्नपूर्णाबाई तिच्याकडे अशा बघत होत्या की वर्षभरात त्यांनी ज्या ज्या माणसाला हा प्रश्न विचारला असेल, त्या प्रत्येकाने खोटंच सांगितलं असणार हे दिसत होतं.

"हो," नीरजा म्हणाली. "वेळ होता. दोन मिनिटं होती."

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. दूधवाल्याने उद्या येणार नाही म्हणून सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तशी. दोन मिनिटं, असं त्या स्वतःशी एकदा म्हणाल्या. आपण लुगडं किती वेळ हलवत होतो याचा त्या हिशेब लावत असाव्यात. हिंमतराव पुढे सरकले आणि बायकोचा हात धरायला गेले, पण त्या हातात कागद होता.

"अवं, सरांचंच चुकलं म्हनून राह्यल्या ना ताई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच अजिजी आली. "सोता कबूल करून राह्यल्या. तू काऊन पुन्हा तेच?"

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, नीट, कडा जुळवून.

"सरांले हे मालूम होतं?" त्यांनी विचारलं. "तिनं बाहेर पाह्यलं म्हनून?"

"हो. वेगाकडे लक्ष नव्हतं, असं अहवालात आहे."

"म्हनून नाही बोलले ते," त्या म्हणाल्या. "दोनदा आले. माह्याकडं पाहे अन् गप बसे. मले वाटे, सर काऊन पाहून राह्यले असे." त्यांनी कागद नीरजाच्या हातात परत दिला. आवाजात राग नव्हता. खरोखरच काही कळत नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग तुमी काऊन सांगितलं, ताई?"

बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता. नीरजा उठली. वही फोटोपुढे होती तशी ठेवली. हिंमतराव दारापर्यंत आले आणि वहीचं छापायचं राहू देतो म्हणाले. मग मिरच्यांची पिशवी विसरली म्हणून पुन्हा आत गेले. सरांच्या घरून आलेलं माणूस रिकाम्या हाताने कसं जाऊ द्यायचं.

स्टँडवर सावली नव्हती. वडील दोनदा एवढं अंतर आले होते. दुसऱ्या वेळी चप्पल घालून पुन्हा आत गेले होते, आणि पाणी पिऊन परतले होते. ते स्वतःच्या नावासाठी गप्प राहिले, की त्या बाईसाठी, की दोन्हीसाठी थोडे थोडे, हे आता कुणाला विचारणार. आई म्हणेल, तिच्यासाठी. आईला तसं म्हणू द्यावं लागेल. एसटी आली तेव्हा नीरजा खिडकीशी बसली. गाव मागे पडेपर्यंत ती गच्च्या बघत होती. हिंमतरावांची गच्ची कोणती ते लांबूनही ओळखू येत होतं.